गुडघ्याची चिठ्ठी

तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात फिजिओथेरपीच्या मॅडम रोज हजर असत. पण विमा योजनेत हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी असल्याशिवाय त्यांना पेशंटला हात लावता येत नसे. डॉक्टरांचा वार गुरुवार. दुखरा गुडघा घेऊन अंबूबाई चार गुरुवार एसटीने एकट्याच आल्या, डॉक्टर काही आले नाहीत.

पाचव्या गुरुवारी योजनेचे साहेब तपासणीला आले. जीपच्या धक्क्यांनी त्यांची मान आखडली होती. ते थेट मॅडमसमोर जाऊन बसले आणि मॅडम मान चोळू लागल्या.

बाकावरून अंबूबाईंनी विचारलं, "साहेब, तुमची चिठ्ठी?"

साहेब हसले. "मान माझी. दुखतेय हे मला कळत नाही होय? डॉक्टरनं कशाला सांगायला पाहिजे?"

"मग मलाही कळतं, साहेब. मालक गेल्यापासून घरात मी आणि हा गुडघा, दोघंच. दिवसभर माझ्याशी तोच तेवढा बोलतो. त्याचं म्हणणं मला नाही कळणार, तर कुणाला?"

मान मॅडमच्या हातात असल्यामुळे साहेबांना ती नकारार्थी हलवायचीही सोय नव्हती. त्यांनी तपासणीच्या कागदावर 'चिठ्ठीशिवाय उपचार द्यावेत' असं लिहून सही केली.

घराचं कुलूप काढताना अंबूबाई गुडघ्याला म्हणाल्या, "जिंकलो रे आपण!"

आत ऐकायला दुसरं कुणी नव्हतं.