तडा कुणाचा?

एका गावात एक बाई होत्या. त्यांना गाता येत होतं आणि त्या गात नव्हत्या. नाव कावेरीबाई.

माहेरी असताना त्या चार वर्षं गुरुजींकडे शिकल्या होत्या. गुरुजींच्या घरी एक तंबोरा होता. तो मांडीवर घेऊन त्या रोज सकाळी सा लावायच्या. मग लग्न झालं. सासरी कुणी गाऊ नको म्हटलं नाही. गा असंही कुणी म्हटलं नाही. एकेचाळीस वर्षं गेली. भाकरी थापताना, दळण निवडताना मनात तंबोरा वाजायचा आणि दूध उतू गेलं की थांबायचा. एकदा तरी आपला स्वतःचा तंबोरा मांडीवर घ्यावा, तार छेडावी आणि सा लावावा, एवढीच त्यांची इच्छा होती. माणसाच्या इच्छा लहान असल्या की लोक त्यांना इच्छा म्हणतच नाहीत. त्यामुळे घरात ही गोष्ट कुणाला ठाऊक नव्हती.

एके दिवशी बोलता बोलता सुनेला ती कळली. सून प्रणाली हुशार होती. तिने फोन उघडून सासूला दहा तंबोरे दाखवले. लांबच्या एका शहरात दस्तगीर मिस्त्री नावाचे कारागीर तंबोरे करत आणि ऑनलाइन विकत. त्यांचा एक जनानी, म्हणजे बायकांच्या आवाजाला जुळणारा, तंबोरा कावेरीबाईंनी पसंत केला. गणपतीच्या दिवसांत मागवला. तो घरी आला तेव्हा पितृपक्षाची प्रतिपदा होती.

प्रणाली कात्री घेऊनच आली. कावेरीबाई म्हणाल्या, "अगं, पितृपक्षात नवी वस्तू काढू नये. घटस्थापनेला काढू."

"आई, नुसतं उघडून बघू तरी!"

"पंधरा दिवसांनी काय होतंय? एकेचाळीस वर्षं थांबलेच की."

आता पितरांना कावळे ठाऊक असतात, कुरियर कुठलं ठाऊक असणार? आणि ऑनलाइनच्या नियमांना पंचांग ठाऊक नसतं. माल फुटका निघाला तर सात दिवसांत कळवावं, असा नियम होता. तो दोघींपैकी कुणी वाचला नव्हता.

खोकं कपाटाशेजारी आडवं ठेवलं. कावेरीबाई जाता-येता त्यावर हात ठेवायच्या. धूळ नसली तरी पुसायच्या. कधी वाकून कान लावायच्या. आत तारा आहेत, एवढ्या जवळ आहेत, आणि आपण त्या छेडू शकत नाही, याने त्यांचा जीव कासावीस व्हायचा. तरण्या मुलीनेही कुणाची वाट पाहिली नसेल अशी त्या घटस्थापनेची वाट पाहत होत्या.

दशमीला नवऱ्याचं श्राद्ध झालं. दुसऱ्या दिवशी घरात कुणी नव्हतं. कावेरीबाईंना राहवेना. त्यांनी दिवाणावर मांडी घातली, खोकं ओढून घेतलं आणि बंद खोकंच तंबोऱ्यासारखं मांडीवर उभं धरलं. डोळे मिटले. उजवा हात आपोआप वर गेला, बोटं पुठ्ठ्यावरच फिरली. आणि खोकं सटकलं. दिवाणावरून खाली फरशीवर, जड बाजूने. धप् असा आवाज झाला.

त्यांनी ते उचललं, हलवून पाहिलं. आत काही खुळखुळलं नाही. भोपळा आहे, काच थोडीच आहे, असं म्हणून त्यांनी खोकं जागच्या जागी ठेवलं आणि कुणाला काही सांगितलं नाही.

घटस्थापनेच्या सकाळी खोक्याला हळदकुंकू वाहिलं. प्रणालीने कात्री चालवली. तंबोरा बाहेर निघाला. सुंदर होता. फक्त भोपळ्याला बुडापासून वरपर्यंत तडा गेला होता, नख आत जाईल एवढा. कावेरीबाईंनी तरीही तार छेडली. आतून घोगरा, फाटका आवाज आला. त्यांनी हात मागे घेतला आणि त्या देवघरापुढे जाऊन बसल्या.

प्रणालीने फोटो काढले, तक्रार केली. दस्तगीर मिस्त्री टाइप करत नसत, बोलून पाठवत. त्यांचा आवाज आला, "बाई, माल हितनं धड गेला. माझ्या हातचा भोपळा असा चिरत न्हाई. सात दिसांत सांगायचं असतं, तुम्ही पंधरवडा उलटल्यावर सांगताय. मधी कुनी पाडला न्हाई कशावरनं?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" प्रणाली उसळली. "आपण तर खोक्याला हातसुद्धा लावला नाही. हो ना, आई?"

कावेरीबाई देवापुढची फुलं सारखी करत राहिल्या. 

प्रणालीने साइटवर मिस्त्रींच्या दुकानाला पाचपैकी एकच तारा दिला आणि खाली लिहिलं, 'फुटका माल पाठवतात आणि गिऱ्हाइकालाच खोटं पाडतात. सावध राहा.' मिस्त्रींनी कुणाकडून तरी लिहवून घेऊन खाली उत्तर दिलं, 'स्वतः पाडून आमच्यावर ढकलतात. असली गिऱ्हाइकं नकोत.' भांडण चव्हाट्यावर आलं. ज्यांनी जन्मात तंबोरा पाहिला नव्हता, तेही दोन्ही बाजूंनी भांडायला उतरले. भोपळ्याचं काय झालं हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रींची तीस वर्षांची कमाई म्हणजे त्यांचं नाव, ते आठवड्यात धुळीला मिळालं.

शेवटी ज्या साइटवरून खरेदी झाली होती तिच्या तक्रार खात्याकडून निरोप आला. पितृपक्षाची अडचण त्यांनी मान्य केली होती. एकच अट होती. खरेदी करणाऱ्याने एका वाक्याला संमती द्यायची. वाक्य असं होतं, 'माल मिळाल्यापासून उघडेपर्यंत खोके पडले किंवा आपटले नाही.' खाली 'होय' आणि 'नाही' अशा दोन चौकटी होत्या. होय म्हटलं की विक्रेत्याने स्वखर्चाने नवा तंबोरा द्यायचा आणि त्याचं दुकान साइटवरून बंद व्हायचं.

"आई, मागवलाय तुमच्या नावाने. तुम्हीच दाबा," प्रणालीने सासूचाच फोन पुढे केला.

"ठेव जरा. भाजी करपेल," कावेरीबाई म्हणाल्या. चुलीवर भाजी नव्हतीच.

सून कामावर गेली. कावेरीबाई फोन घेऊन बसल्या. पडताना कुणी पाहिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. एकदा बोट टेकवलं की नवा, धड, गोल आवाजाचा तंबोरा दारात. त्याच्या चार तारा त्यांना ऐकू येऊ लागल्या. किती हवा होता तो त्यांना! इतका हवा होता की डोळ्यांत पाणी आलं, आणि बोट चौकटीजवळ गेलंही.

पण मग तो मांडीवर घेऊन सा लावायचा होता. संसारात कावेरीबाईंनी चारचौघींसारखंच पुष्कळ कमीजास्त केलं होतं. पाहुण्यांना साखर संपली म्हणून सांगितलं होतं, बरं नसताना बरं आहे म्हटलं होतं. सुराशी मात्र त्या कधी खोटं वागल्या नव्हत्या. सूर लागला नसेल तर गुरुजींच्या आधी त्यांनाच कळायचं. एवढी एक गोष्ट त्यांनी एकेचाळीस वर्षं स्वच्छ ठेवली होती. तीच आता मळणार होती.

त्यांनी चौकट सोडली आणि मिस्त्रींचा नंबर लावला.

"मिस्त्री, मी कावेरी बोलतेय. फुटक्या तंबोऱ्याची."

"बोला, बाई. अजून काय ऱ्हायलंय?"

"खोकं माझ्या हातून पडलं. दशमीच्या दुसऱ्या दिवशी. सुनेला ठाऊक नाही, तिचा काही दोष नाही."

पलीकडे रंधा चालू होता. तो थांबला.

"पडलं कसं?"

"मांडीवर घेतलं होतं."

"बंद खोकं?"

"हो. राहवलं नाही."

मिस्त्रींनी रंधा बाजूला ठेवला. मग म्हणाले, "ताई, आता माझंबी ऐका. भोपळ्याखाली मी जाड कापडाची चुंबळ घालतो. तीस वर्षांत एक तंबोरा चुंबळीबिगर गेला न्हाई. तुमचा गेला. गाडीवाला दारात हॉर्न मारत हुता, चुंबळ वळायला येळ नव्हता. मी कागदाचे बोळे कोंबले आन् दिला धाडून. चुंबळ असती तर एवढ्याशा धक्क्यानं तडा गेला नसता."

"मग इतके दिवस बोलला का नाहीत?"

"तुम्ही का न्हाई बोललात?"



"मग हा तडा कुणाचा धरायचा?" कावेरीबाईंनी विचारलं.

"वाटून घिऊ. आणायचं तुम्ही, सांधायचं मी. नवा देतो म्हणलो असतो, पर त्या मापाचा भोपळा आता माझ्याकडं न्हाई. नवे भोपळे वाळून हाताशी यायला पुढचा उन्हाळा उजाडंल."

"सांधल्यावर आवाज पहिल्यासारखा येईल?"

"ते सांधल्याबिगर सांगत न्हाई. तुम्ही खरं बोललात, आता मी खोटी आशा कशी लावू?"

संध्याकाळी कावेरीबाईंनी सुनेला सगळं सांगितलं. प्रणाली आधी रागावली. "आई, नवा मिळत होता!" म्हणाली. मग सासूच्या तोंडाकडे पाहून तिचा राग ओसरला. 'नाही' ही चौकट कावेरीबाईंनी स्वतः दाबली. प्रणालीने आधीचा मजकूर काढून टाकला आणि तिथे लिहिलं, 'चूक आमच्याकडूनही झाली होती. मिस्त्री माणूस सच्चा आहे.' त्याखाली मिस्त्रींनीही आपली चुंबळीची गोष्ट लिहवून घेतली. भांडायला आलेले लोक हे वाचून दुसरीकडे भांडायला गेले.

कावेरीबाई एसटीने निघाल्या. कंडक्टर म्हणाला, "आजी, ते मागं ठेवा." त्या म्हणाल्या, "हा मांडीवरच येणार." सहा तास पाय अवघडले, पण त्यांनी तंबोरा खाली ठेवला नाही.

मिस्त्रींनी तारा उतरवल्या, भोपळा मोकळा केला, आतून कापडाची पट्टी बसवली आणि सांधा वाळायला ठेवला. चार दिवस लागले. मिस्त्रींच्या घरच्यांनी बाईंना जाऊ दिलं नाही. त्या रोज कारखान्यात येऊन बसायच्या आणि इतरांच्या तंबोऱ्यांच्या तारा जुळताना ऐकायच्या. पाचव्या दिवशी मिस्त्रींनी तारा चढवल्या, जुळवल्या आणि एकदा चारी छेडल्या. त्यांचा चेहरा उतरला.

"थोडा बसका झालाय, ताई. गोलाई कमी पडली. लपवत न्हाई."

कावेरीबाई ऐकत होत्या. "द्या इकडे," म्हणाल्या. मग पुढे केलेला हात त्यांनी मागे घेतला. "नको. तुम्हीच छेडा."

मिस्त्री छेडू लागले. कावेरीबाईंनी डोळे मिटून तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली. पुन्हा उघडलं. घसा खरखरला. तेव्हा त्यांना कळलं, की इतकी वर्षं त्यांना तंबोरा हवा होता तो एकोणीस वर्षांच्या मुलीचा आवाज परत आणायला. आणि तो कुठल्याच तंबोऱ्याने येणार नव्हता, नव्याने नाही आणि धडधाकटानेही नाही. त्या रडल्या. पदर तोंडाला न लावता रडल्या.

मिस्त्री थांबले नाहीत. घाई करा म्हणाले नाहीत की राहू द्या म्हणाले नाहीत. मान खाली घालून एकामागून एक तार छेडत राहिले.

तिसऱ्यांदा सा लागला. बारीक होता, जुना होता, पण तारेला नेमका मिळाला. मिस्त्रींचं बोट क्षणभर अडखळलं. कावेरीबाईंनी श्वास घेतला आणि तोच सा पुन्हा लावला, आणि पुन्हा, आणि पुन्हा. दुपारची एसटी निघून गेली. त्यांनी संध्याकाळची धरली.

तात्पर्य: समोरच्याची चूक दाखवायला सारा गाव धावून येतो, पण आपली चूक आपल्यालाच सांगावी लागते, आणि ती सांगितल्यावर हवं होतं ते सगळं मिळतंच असं नाही, पण जे मिळतं ते मान वर करून घेता येतं.