मिटल्या डोळ्यांची नाणी

त्या राज्यात नाण्यांनी कोणी दाणासुद्धा विकत घेत नसे. नाणी जमवायची असत आणि शेजाऱ्याला दाखवून त्याला जळवायचं असे. तांब्याच्या चकतीवर तांबट पक्षी आपल्या चोचीने गाजलेल्यांचे चेहरे कोरी. नाचणारा मोर, कुस्ती मारणारा रेडा आणि सगळ्यांची लाडकी, गाणारी साळुंकी.

रीत अशी होती की जिवंत असलेल्याचा डोळा नाण्यावर उघडा. तो मेला की नाणं तांबटाकडे न्यायचं, मग तो बुबुळ खरवडून पापणी मिटवून द्यायचा. त्यानंतर तो चेहरा पुन्हा कोरायचा नाही. म्हणून मिटल्या डोळ्याच्या एका नाण्यासाठी जमवणारे आपली अख्खी ढोली देऊन टाकीत, उघड्या डोळ्याला कोणी विचारीत नसे.

त्या थंडीत साळुंकीचा गळा बसला. घरट्याबाहेर ही एवढी गर्दी जमली. खारूताई तर हलेचना. तिच्या ढोलीत साळुंकीची नाणी सगळ्यात जास्त होती.

"खोकून दाखव बघू," ती रोज म्हणे. "आज कमी वाटतोय गं." आणि तिचं तोंड उतरे.

"कमी कसला?" चिमणी खेकसे. "नीट ऐक, छातीत घरघर आहे!"

साळुंकीला भरून येई. एवढी माया! पडल्यापडल्या तिला तांबटाची टकटक ऐकू आली, दिवसभर, न थांबता.

"कोण गेलं गं?"

"नसत्या चौकशा कशाला?" खारूताई म्हणाली. " तू पड."

पण गळा सुटला. साळुंकी बरी झाली आणि आनंदाने जत्रेत गायला निघाली. वाटेत तांबटाचं झाड. खाली रांग, आणि प्रत्येकाच्या हातात तिचाच चेहरा. डोळे मिटलेला.

"मेल्यांनो, मी जिती आहे की!"

रांगेत कोणी जमिनीकडे बघतंय, कोणी नाण्याकडे.

"उघड ते डोळे," ती तांबटावर धावून गेली.

"नाही उघडत, बाई. तिथलं तांबं गेलं. हे सगळे मानगुटीवर बसले होते, आज जाते की उद्या जाते म्हणून. माझं पोट चोचीवर आहे."

"आणि मी काय करू?"

तांबटाने चोच झाडाला पुसली. "ते आता माझ्या हातात नाही."

साळुंकी तरातरा उडाली ती जत्रेतल्या तिच्या नेहमीच्या फांदीवर जाऊन बसली. एक तान घेतली की यांची तोंडं आपोआप बंद होतील, असं तिला वाटलं. सगळी जत्रा फांदीखाली गोळा झाली. एकानेही टाळी वाजवली नाही. खारूताई वर चढून तिच्या शेजारी आली. तिचे डोळे खरोखर पाण्याने भरले होते.

"किती सोसलंस गं. आता कशाला त्रास घेतेस?"

"मला काही झालेलं नाही!"

"हो गं बाई, हो," म्हणत खारूताईने तिची पिसं सारखी केली.

साळुंकीने ऊर भरून श्वास घेतला, मान वर केली आणि वरचा सूर लावायला चोच उघडली.

खारूताईने अगदी हलक्या हाताने त्या उघड्या चोचीत तुळशीचं पान ठेवलं. चिमणी पाणी घेऊन पुढे झाली. खाली सगळ्यांनी हात जोडले.