काजातून वाचणारी मथू

सकाळचे बरोबर सात वाजून दहा मिनिटं झाली होती. शिंपिणीच्या दाराची कडी वाजली आणि इथूनच सगळं सुरू झालं. गाव कुठलं ते राहू द्या. माणसांपेक्षा चिंचेची झाडं जास्त असलेलं एक लहानसं गाव होतं, एवढं पुरे.

दारात गुरुजी उभे. पाणी दिलं तर घेईनात, बसा म्हटलं तर बसेनात.

"शिंपीणबाई, तुमची मथू दोन वर्षं शाळेत येतेय. बोलायला पोपट आहे, पण एक ओळ धड वाचत नाही. पंचमीला पारावर वाचन आहे. वाचलं तर ठीक. नाहीतर तिची जागा दुसऱ्या मुलाला द्यावी लागेल."

त्या गावची रीतच तशी होती. गावाची एक जाडजूड पोथी होती. गाव कसं वसलं, तळं कुणी बांधलं, साथ कधी आली, सगळं मोठ्या टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं. आठ वर्षांच्या प्रत्येक मुलाला त्यातलं एक पान नेमून मिळायचं. ते पान पारावर, सगळ्या गावासमोर वाचायचं, मग वरच्या वर्गात बसायचं. सरावासाठी पोथी चार दिवस घरी मिळायची.

पोथी ठेवून गुरुजी पाठमोरे झाले. तोच शेजारची तेलीण कुंपणावरून डोकावलीच.

"काय म्हणत होते गं गुरुजी? जाऊ दे, शिंपिणी. लाव तिला काज-बटणाला. सुई कुठं कुणाला अक्षर विचारते?"

"तुझ्या घाण्याच्या बैलाला तरी कुठं येतं वाचता!" शिंपीण फणकारली खरी, पण घरात येऊन तिनं डोळ्याला पदर लावला.

त्या दिवशी तिनं मथूला पोथीपुढं बसवलं. "वाच!" मथूनं बोट ठेवलं, ओठ हलवले, एक अक्षर उच्चारलं, थांबली, मागं गेली, पुन्हा थांबली. घामानं कपाळ भिजलं.

"आळशी कुठली! लक्ष कुठं असतं तुझं?" शिंपिणीचा हात उगारला गेला. मथूनं डोळे गच्च मिटून घेतले. ते बघून शिंपिणीचा हात हवेतच राहिला. ती खाली बसली आणि आजवर कुणीच न विचारलेलं तिनं विचारलं,

"मथे, तुला त्या पानावर दिसतं तरी काय गं?"

मथूनं डोळे उघडले. मग म्हणाली, "आई, तराजूत बेडूक तोलावेत ना, तसं होतं. एक अक्षर धरलं की मागचं उडी मारतं. ते धरून आणलं की पुढचं पळतं. शब्दाच्या शेवटाला पोचते तोवर सुरुवात हरवलेली असते. बाकीच्या मुलांचे बेडूक गप कसे बसतात गं?"

शिंपिणीला हसू आलं आणि हसता हसता रडू आलं. पोर आळशी नव्हती. इतरांच्या दुप्पट राबत होती.

पण पंचमी तर चार दिवसांवर आलेली! भ्यालेलं मन वाकडी वाट आधी शोधतं. शिंपिणीला बेताचं वाचता यायचं. तिनं मथूचं नेमलेलं पान स्वतः वाचून दाखवलं, तीनदा, चारदा. मथूची आठवण तल्लख. दुसऱ्या दिवशी पान तोंडपाठ!

"आता असं करायचं," शिंपीण म्हणाली. "बोट ओळीवरून सरकवत जायचं आणि घडाघडा म्हणायचं. कुणाला काही कळत नाही."

"आणि शाळेत दुसरं पान आलं तर?"

"उद्याचं उद्या बघू. तू म्हण."

तिसऱ्या दिवशी शिंपीण पाटलांच्या कोटाचं काम घेऊन बसली. कोटाला हात लावण्याआधी तिनं एका काळ्या चिंधीवर नमुन्याचं काज करून पाहिलं, बटण जातं की नाही ते. मथूनं ती चिंधी उचलली आणि खेळता खेळता पोथीच्या भलत्याच पानावर ठेवली. दोन बोटांनी काज ताणलं. आत एकच शब्द दिसत होता. आजूबाजूचं सगळं काळ्या कापडाखाली झाकलेलं.

"पा… पाऊ… पाऊस," मथू म्हणाली. चिंधी सरकवली. "आ… आला. आई! पाऊस आला!"

शिंपीण सुई टाकून धावली. मथू शब्दामागून शब्द उचलत होती. चुकत होती, पण परत येऊन धरत होती. एक पान संपेपर्यंत चुलीवरचा भात शिजून झाला.

आनंद झाला, तशी काळजीही वाढली. एवढा वेळ पारावर कोण ऐकून घेणार? लोक हसतील. "घरी काजातून वाच," शिंपीण म्हणाली, "पण पंचमीला पाठच म्हण." तरी जाताना तिनं चिंधी कनवटीला लावली.

पंचमीला सगळं गाव पारावर. मथूची पाळी आली. तिनं बोट ठेवलं आणि घडाघडा म्हणू लागली. गुरुजींच्या भुवया वर गेल्या. "वाऽ!" कुणीतरी म्हणालं. तेलीण तर बघतच राहिली.

शिंपिणीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण मथू पोथीकडं बघतच नव्हती. ती आईकडं बघत होती, चोरी करताना पोर बघतं तशी. शिंपिणीच्या मनात आलं, मी हिला वाचायला नाही, लपायला शिकवलं.

ती उठून उभी राहिली.

"गुरुजी, थांबा. हे पाठ आहे. मीच करून घेतलं. दोष माझा."

एकच गलका झाला. "बघा मायलेकींचे धंदे!" तेलीण ओरडली.

"पण तिला वाचता येतं," शिंपिणीनं चिंधी पुढं केली. "तिच्या पद्धतीनं. दुसरं कुठलंही पान काढा. फक्त वेळ द्या."

"किती वेळ?" गुरुजींनी विचारलं.

"भात शिजेल एवढा."

"मग पंगतच बसवा!" एकजण म्हणाला. लोक हसले. गुरुजी हसले नाहीत. त्यांनी पोथीतलं दुसरंच पान उघडलं.

मथूनं चिंधी ठेवली. "वि… विहीर." मग "खणताना." एकेक शब्द येत होता. दोघं-तिघं कंटाळून उठून गेले. बाकीचे बसले. मधे एकदा मथू अडली, डोळ्यात पाणी आलं. मथू मागच्या शब्दावर गेली, पुन्हा पुढं आली. अखेर पान संपलं.

पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, "हे पान मी वीसदा ऐकलं असेल. पोरं घाईघाईनं म्हणतात, काही कळत नव्हतं. विहिरीची माती बायांनी वाहिली, हे मला आज समजलं."

गुरुजींनी मथूला वरच्या वर्गात बसवलं. मथूचं वाचन पुढंही संथच राहिलं, काही दिवस फार अवघड जायचं. पण ती वाचत राहिली.

पंचमीच्या दुसऱ्या दिवशी गुरुजी पुन्हा शिंपिणीच्या दारात आले. या वेळी पाणी प्यायले, बसलेही.

"शिंपीणबाई, अशी आणखी दोन काजं करून द्याल? मागच्या साली मी दोन मुलांच्या जागा काढून घेतल्या. त्यांना काय दिसतं, हे मी विचारलंच नव्हतं. आज त्यांच्या घरी जातो."

शिंपिणीनं लगेच सुईत दोरा ओवला.

तात्पर्य: वाचताना अडणारं मूल आळशी नसतं आणि ढ तर नसतंच. रागावण्याआधी त्याला काय दिसतं ते विचारा, लपायला शिकवू नका, आणि त्याला त्याचा वेळ द्या.

तुमच्या ओळखीत एखादी आई अशीच काळजीत असेल, तर तिला ही गोष्ट नक्की सांगा. आणि तिलाही म्हणा, पुढच्या आईला सांग.