चिमूटभर अळीव

बाळांनो, सुरुवातीलाच एक सांगून ठेवते. या गोष्टीत परी आहे, पण ती येईपर्यंत बरंच वाईट घडून गेलेलं आहे. ज्यांना रडू येईल त्यांनी खुशाल रडावं. मलाही दर वेळी येतं.

डोंगराच्या कुशीत सोनकीवाडी नावाचं एक इवलंसं गाव होतं. एका भादव्यात तिथे असा पाऊस लागला, असा पाऊस लागला, की ओढा शेतांत शिरला आणि जाताना सगळी माती घेऊन गेला. जिथे पिवळीधम्मक सोनकी डुलायची तिथे नुसता काळा खडक उरला. घरोघरी चुली होत्या, पण चुलीवर ठेवायला फारसं काही नव्हतं.

गावाच्या टोकाला येसू राहायची. वय वर्षं आठ. दोन वेण्या, एकीला लाल चिंधी आणि दुसरीला निळी, कारण एका रंगाच्या दोन चिंध्या घरात नव्हत्या. त्या वर्षी येसूला भाऊ झाला होता. मऊमऊ, गुलाबी, मुठी आवळून झोपणारा. दोन महिन्यांचा झाला आणि ऐन पावसात त्याला ताप भरला. वैद्यबुवा राहायचे ओढ्यापलीकडे, आणि ओढा कुणाला पाय टाकू देईना. तिसऱ्या दिवशी पाऊस थांबला. तोवर बाळ गेलं होतं.

त्या दिवसापासून येसूची आई भिंतीकडे तोंड करून बसली. बोलेना, हसेना, रडेसुद्धा ना. येसूने भरवलं तर दोन घास खायची. बाबा कुठे दाणे मिळतात का ते बघायला घाटाखाली गेले होते, ते अजून परतले नव्हते. येसू दिवसभर आईच्या पाठीशी बोलायची. पाठ काय उत्तर देणार?

आता परसाची गोष्ट ऐका. येसूच्या घरामागे एक चिमुकला वाफा होता, चार हात लांब आणि दोन हात रुंद. आईने त्याला दगड रचून बांध घातला होता, म्हणून साऱ्या गावात तेवढी माती वाचली होती. दर वर्षी नवरात्रात घट बसायचा, घटाभोवतीच्या मातीत धान्य रुजायचं. दसऱ्याला आई ते कोंब निरखून बघायची. जे जोमानं आलं असेल ते यंदा परसात लावायचं, असा घरचा रिवाज होता. पण घरातलं माणूस गेलं की त्या वर्षी घट बसत नाही. मग वाफ्यात काय लावायचं हे सांगणार कोण? घट नाही आणि आईही नाही.

तरी दसऱ्याच्या सकाळी येसू खुरपं घेऊन परसात गेली. आकाश निळंनिळं धुतलेलं होतं, गवताच्या पात्यापात्यावर दवाचे लुकलुकते मणी होते. येसूने तण काढलं. कोपऱ्यात तेरड्याचं एक मरतुकडं रोप उभं होतं. त्याला एकुलतं एक गुलाबी फूल होतं, तेही पावसानं चिंब भिजून लोंबत होतं. येसूने खुरपं उचललं आणि परत खाली ठेवलं.

"ऱ्हाऊ दे बाई. एक तरी जगू दे," ती म्हणाली, आणि तिने फुलाला काटकीचा टेकू दिला.

तेवढ्यात फुलाच्या पाकळ्या थरथरल्या आणि आतून एक परी बाहेर आली! करंगळीएवढी. अंगात दवाचा झिरझिरीत झगा, केसांत गवताचे तुरे. पण तिचा एक पंख फाटला होता आणि ओठ थंडीने निळे पडले होते.

"उपटलं नाहीस म्हणून वाचले," परी म्हणाली. "मी शरदाची परी. या पावसात माझीसुद्धा सगळी फुलं गेली. माझ्याजवळ आता एकच इच्छा उरली आहे, ती तुला देते."

येसूने क्षणाचाही विचार केला नाही. "माझा भाऊ परत दे."

परीने मान खाली घातली. "नाही गं राणी. माझे तीन नियम आहेत, आणि पहिला तोच आहे. जे गेलं ते मागायचं नाही."

येसूचे डोळे भरून आले. परीने तिला रडू दिलं. मोठी माणसं लगेच गप्प बस म्हणतात, तसं काही ती म्हणाली नाही.

मग ती म्हणाली, "दुसरा नियम, एका वाफ्यात एकच बी. तुझं असो नाहीतर माझं असो, आज उन्हं बांधावर यायच्या आत पेरलंस तर परवाच्या सकाळी पीक तयार. आणि तिसरा नियम, एकदा पेरलं की उकरायचं नाही."

तिने आपल्या इवल्याशा पोतडीतून दोन बिया काढल्या. एक चपटी, पांढरीशुभ्र. "ही भोपळ्याची. याचा भोपळा कापला की आत वाफाळता भात. रोज कापा, रोज नवा. पण दोनच पोटांपुरता. उंबऱ्याबाहेर नेलात की त्याची माती होईल." दुसरी बी केसाएवढी बारीक होती आणि सोन्यासारखी चकाकत होती. "ही हसऱ्या शेवंतीची. हिच्या फुलाचा वास घेतला की हसू विसरलेलं माणूस हसतं."

येसूच्या पोटात कावळे ओरडत होते. वाफाळता भात! पण तिने भोपळ्याच्या बीकडे दुसऱ्यांदा पाहिलंसुद्धा नाही. शेवंतीचं बी तिने मुठीत घट्ट धरलं. परवा सकाळी आई हसणार. परवा सकाळी आई म्हणणार, येसू, इकडं ये.

आणि तेवढ्यात कुंपणापलीकडून बाळाचं रडणं आलं.

तिथे हौसाकाकी राहायची. ती सहा दिवसांची बाळंतीण होती. तिची मुलगी पहिल्या दिवशी खणखणीत रडली होती. आता तिचं रडणं मांजराच्या पिल्लाएवढं बारीक झालं होतं. येसू ऐकत उभी राहिली. रडणं मध्येच थांबलं. असं थांबलेलं रडणं येसूने याआधी एकदा ऐकलं होतं. ती धावतच कुंपणाच्या भगदाडातून पलीकडे गेली.

बाळ जिवंत होतं. हौसाकाकी त्याला बोटाने गुळाचं पाणी चाटवत होती. तिचे स्वतःचे गाल आत गेले होते.

"दूधच येईना गं पोरी," काकी म्हणाली. "माझ्याच पोटात काय न्हाई तर तिला कुठनं येणार? येसू, तुझ्या आयेला बाळंतपणात अळिवाची खीर केल्ती. त्यातलं अळीव हाय का गं ऱ्हायलेलं? त्यानं दूध येतं बघ."

येसू घरी आली. आईच्या पाठीमागच्या फळीवर एक गाडगं होतं, त्यात एक गाठोडी. गाठोडीत तांबडे, बारीक दाणे होते. चिमूटभर. बियाण्यासाठी ठेवलेले. ते घेऊन ती पुन्हा पळाली.

काकीने ते पाहिले आणि ती कसनुशी हसली. "एवढ्यानं काय व्हतंय बाळा? रोज मूठभर अळिवाची खीर लागती."

येसू परसात येऊन बसली. एका मुठीत शेवंतीचं बी, दुसऱ्या मुठीत अळीव. ऊन डोंगरावरून हळूहळू खाली उतरत होतं.

"परीताई, अळीव पेरलं तर आई हसंल का गं?"

परी खोटं बोलली नाही. "मला माहीत नाही. अळीव नुसता अळीव असतो येसू. त्यात माझी जादू नसते. तो लवकर पिकेल एवढंच मी करू शकते."

बाळांनो, तुम्ही काय केलं असतं? लगेच सांगू नका. येसूलासुद्धा लगेच सांगता आलं नव्हतं. तिला आई हवी होती. चाळीस दिवस तिने आईची पाठ पाहिली होती. तिला हौसाकाकीचा रागच आला, बाळाचासुद्धा आला. मग ऊन बांधाजवळ पोचलं तशी ती उठली, चुलीतली मूठभर राख आणली, आणि अळीव त्या राखेत कालवला. बारीक बी असंच कालवून फेकायचं, नाहीतर एका जागी पडतं. आईनेच शिकवलं होतं. हुंदके देत देत तिने वाफाभर बी फेकलं आणि माती सारखी केली.

परीने तिच्या मुठीतलं शेवंतीचं बी घेऊन बांधावर ठेवलं आणि ती तेरड्यात शिरली.

दुसऱ्या दिवशी मात्र आईने एकही घास घेतला नाही. येसूने चमचा तोंडाशी नेला तर तिने मान फिरवली. येसू घाबरली. ती धावत परसात आली. शेवंतीचं बी बांधावर चमकत होतं. अळीव अजून मातीतच होता. उकरला असता, झटकन उकरला असता, आणि शेवंती लावली असती, तर? तिची बोटं मातीत गेलीसुद्धा. तेव्हाच पलीकडून ते बारीक रडणं आलं. येसूने बोटं बाहेर ओढली आणि दोन्ही हात काखेत दाबून बांधाकडे पाठ करून बसली. हातांचा काही भरवसा नव्हता.

तिसरी सकाळ झाली. येसू दार उघडते तर काय, वाफा गच्च भरलेला! गुडघ्याएवढी रोपं, वाळून सोनसळी झालेली, आणि फांदीफांदीला नखाएवढ्या शेंगा लगडलेल्या. वारा आला की सगळा वाफा खुळखुळत होता. येसूने रोपं कापली, दारातल्या दगडावर चोळली आणि सुपात घेतली. आणि लागली पाखडायला. फट्, फट्, फट्!

आई कशी पाखडायची हे तिने पाहिलं होतं, पण पाहणं वेगळं आणि करणं वेगळं. कोंड्याबरोबर तांबडे दाणेही उडू लागले. काही अंगणात पडले, काही दगडांच्या फटीत गेले. येसू जितकी घाई करी तितके जास्त उडत. ती रडकुंडीला आली. एवढं करून शेवटी सगळं वाऱ्यावर जाणार!

"अळीव पाखडत न्हाईत, येसू. घोळत्यात."

येसूच्या हातातलं सूप थांबलं. तो आवाज खरखरीत होता, गंजलेल्या कडीसारखा. तिने हळूच मान वळवली. उंबऱ्यात दाराला धरून आई उभी होती. तिचं तोंड येसूकडे होतं.

"आण हिकडं. समदं सांडलंस."

आई खाली बसली. तिने सूप हातात घेतलं आणि अलगद गोल गोल घोळलं. कोंडा एका कडेला गेला, दाणे एका कडेला.

"कुणासाठी गं एवढं?"

येसूने कुंपणाकडे बोट केलं. "हौसाकाकीच्या बाळासाठी."

आईचे हात थांबले. कुंपणापलीकडून रडणं येत होतं, आता अगदीच बारीक. मग सूप पुन्हा फिरू लागलं, पहिल्यापेक्षा भराभर.

खीर आईनेच केली. होता तेवढा गूळ घातला. वाडगा पदराखाली धरून ती हौसाकाकीकडे गेली आणि घोट घोट करून तिने काकीला खीर पाजली. तेवढा वेळ बाळ कुणी धरायचं? ते आईच्याच मांडीवर आलं. मुठी आवळलेलं. आईने एक मूठ हळूच उघडून पाहिली, आणि ती रडायला लागली. मोठ्याने, ओक्साबोक्शी, गावभर ऐकू जाईल असं. चाळीस दिवसांचं रडू होतं ते. येसू तिच्या पाठीला बिलगली, आणि या वेळी पाठीने उत्तर दिलं. आईने वळून तिला कुशीत ओढलं.

दोन दिवसांनी हौसाकाकीला दूध आलं. बाळ पुन्हा खणखणीत रडू लागलं, आणि कुणालाही त्याचा त्रास झाला नाही.

येसू परसात आली तेव्हा परी बांधावर बसली होती. तिचा पंख सांधला गेला होता आणि ओठ तेरड्यासारखे गुलाबी झाले होते.

"वाफा रिकामा झाला की गं," ती म्हणाली. "हे घे तुझं शेवंतीचं बी. पण त्यातली जादू मी काढून घेतली आहे. आता तुला ती लागायची नाही."

तिने पंख पसरले. उन्हाचा एक कवडसा तिच्यावर पडला, तो मोठामोठा होत गेला, वाफा, बांध, तेरडा, सगळं सोन्यानं न्हाऊन निघालं. येसूने डोळे किलकिले केले. उघडले तेव्हा नुसतं ऊन होतं.

मागून आई आली. तिने खाली बसून माती बोटांनी चाचपली. बाळ गेल्याचं दुःख तिच्या चेहऱ्यावर होतंच. ते कुठं जाणार?

"काय लावायचं गं यंदा?" आईने विचारलं.

येसूने मूठ उघडली.

दिवाळीला बाबा ज्वारीचं पोतं घेऊन आले. मार्गशीर्षात वाफ्यात पिवळी शेवंती फुलली. आईने एक फूल येसूच्या लाल चिंधीत खोवलं, एक निळ्या चिंधीत, आणि मागे सरून पाहिलं. एक वेणी वर गेली होती, एक खाली राहिली होती. आई हसली. फूल साधं होतं, हे मी तुम्हाला सांगितलंच आहे.