राजद्रोहाचे खिळे

बाईमाणसाला छापखान्यातलं काय कळतं, असं म्हणणाऱ्या एका मामलेदाराची ही गोष्ट.

इंग्रजांच्या अमदानीत ‘कृष्णातीर’ हे आमचं घरचं साप्ताहिक होतं. मामंजी लिहायचे आणि सासूबाई, म्हणजे द्वारकाबाई, अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवायच्या. खिळे थोडे, म्हणून एक पान छापून झालं की त्याचे खिळे सुटे करून पेटीत टाकायचे आणि त्यांतूनच पुढचं पान जुळवायचं. सारावाढीवरच्या अग्रलेखापायी मामंजी तुरुंगात गेले, आणि पाठोपाठ रावसाहेब मामलेदार शिपाई घेऊन दारात हजर.

“तो लेख ज्या खिळ्यांनी छापला, ते जप्त करायचे आहेत. बाई, तुम्हाला यातलं काही कळायचं नाही. बाजूला व्हा.”

खिळे गेले की पत्र बंद. सासूबाईंनी पदर खोचला आणि पेटी पुढे सरकवली.

“न्या की. पण कलेक्टरसाहेबांच्या दरबाराची निमंत्रणंही याच खिळ्यांनी छापायची आहेत. तुम्हीच दिलीत ना? तेव्हा राजद्रोहाचे तेवढे निवडून घ्या, राजनिष्ठ माझ्यापाशी राहू द्या.”

रावसाहेबांनी मूठभर खिळे उलटसुलट करून पाहिले. “सगळे सारखेच आहेत हो!”

“मग सगळे न्या. गावात दुसरा छापखाना नाही. निमंत्रणं का निघाली नाहीत, ते साहेबांना तुम्हीच सांगा.”

शिपायाने हसू दाबलं. रावसाहेबांनी मूठ पेटीत रिकामी केली.

निमंत्रणं वेळेवर गेली. मग त्याच खिळ्यांनी पुढचा अग्रलेख जुळला. तो सासूबाईंनीच लिहिला होता.