फाटकाबाहेरचा हौद

फार वर्षांपूर्वी एका बंदराच्या फाटकाबाहेर दगडी हौद होता. कापसाच्या गाड्या ओढणारे बैल तिथे पाणी प्यायचे. त्यांच्या माना घासून हौदाची कड गुळगुळीत झाली होती. मग जहाजांतून मोटारलॉऱ्या उतरल्या आणि एकेक बैल येईनासा झाला. उरला फक्त म्हातारा चांद्या.

एका दुपारी एक लॉरी वाफा सोडत हौदापाशी थांबली. तिचा ड्रायव्हर इब्राहिम बादली घेऊन उतरला.

"सरक रे राजा, इंजिन तापलंय."

चांद्या हलला नाही. तो हौदाला म्हणाला, "दादा, हिला पाणी देऊ नकोस. हिच्यामुळे माझे सोबती गेले. उद्या मीही जाईन."

हौद म्हणाला, "तू पहिल्यांदा गाडी ओढत आलास ना, तेव्हा गोण्या वाहणारी गाढवं इथेच उभी होती. त्यांनीही मला हेच सांगितलं होतं."

"मग तू काय केलंस?"

"तू प्यायला होतास की."

चांद्याने मान खाली घातली आणि तो बाजूला झाला. इब्राहिमने लॉरीत पाणी ओतलं. वाफ निवली, तशी लॉरीने हळूच विचारलं, "आणि माझ्यानंतर कोण?"

पलीकडे एक नवं जहाज धक्क्याला लागत होतं.