पणजोबांच्या पागोट्यावरची सुरकुती

महाराजांच्या पाठीला सुरकुती टोचली!

सुरकुती त्यांच्या पाठीची नव्हे, गोधडीची. भोपळगडचे दुंदुभीराजे दुपारी जेवून आडवे व्हायचे ते एकाच गोधडीवर. त्यांच्या सात पिढ्यांची रेशमी पागोटी कापून, तुकड्याला तुकडा जोडून दगडू शिंप्यानं ती शिवली होती. त्यात पणजोबांच्या पागोट्यावर काहीतरी टचकन वर आलं होतं, आणि नेमकं महाराजांच्या पाठीखाली!

"दगड्या, इस्त्री नीट फिरवली नाहीस!"

"महाराज, एकदा बघू तरी द्या..."

"हात लावायचा नाही! दोष इस्त्रीचा आहे. मला नवी इस्त्री हवी. जड हवी, पण उचलायला हलकी! तापलेली हवी, पण हात लावला तर चटका नको! गोधडीवर फिरायला हवी, पण ठिगळ केसभरही सरकता कामा नये! आठ दिवसांत आणा. नाहीतर शिंपी आळीतल्या सगळ्या सुया वितळवून मीच इस्त्री ओतवून घेईन!"

शिपाई गेले आणि टोपलीभर सुया घेऊनही आले. आळीचा धंदाच बसला. सुईच नाही तर शिंप्यानं काय दातांनी शिवायचं?

मग दरबारात इस्त्र्यांची रीघ लागली. एका व्यापाऱ्यानं सोन्याची आणली, वर नाचरा मोर. गरम झाल्यावर मोराचं टाळकं गळून पडलं. दुसऱ्यानं तळाला नक्षीची भोकं पाडलेली आणली. ती नमुन्याच्या रुमालावर ठेवली, तर रुमालाला देवी आल्या! तिसऱ्याची चौघांनी उचलून आणली आणि प्रधानजींच्या पायावर ठेवली. प्रधानजी त्या दिवसापासून एकाच पायावर राज्यकारभार पाहत होते.

दगडूची लेक तानकी मात्र लोहाराच्या दुकानात ठाण मांडून बसली होती. बारा-तेरा इस्त्र्या तिनं उलट्या करून पाहिल्या. तळ गालावर घासून पाहिला. टोक शिवणीत शिरतं का पाहिलं. आत विस्तव घालून गदागदा हलवून राख सांडते का तेही पाहिलं. लोहार कावला.

"अगं बये, इस्त्री घेतीस का नवरा बघतीस?"

"नवरा बिघडला तर आई समजावंल. गोधडी करपली तर कोण समजावणार?"

शेवटी तिनं एक काळी, लाकडी मुठीची इस्त्री उचलली आणि आठव्या दिवशी दरबारात हजर झाली. गोधडी जमिनीवर अंथरली होती. तानकीनं इस्त्रीत रसरशीत निखारे भरले आणि महाराजांपुढे ठेवली.

"प्रधानजी, आधी तुम्ही उचला."

प्रधानजींनी एका पायावर उभं राहून जोर केला. "अगं आई गं! जड आहे!"

"आता महाराजांनी उचलावी. महाराजांनाही जड जात असंल, तर राहू द्या हं!"

सगळा दरबार बघत होता. महाराजांनी मूठ धरली, छाती फुगवली आणि इस्त्री उचलली. चेहरा टोमॅटोसारखा लाल झाला. "मला जड? छे! पीस आहे, पीस!"

"म्हणजे जड बी आहे आणि हलकी बी आहे! आणि महाराज, आत निखारे हायेत. हात लावलात की तुम्ही. चटका बसला?"

महाराजांनी मुठीकडे पाहिलं, निखाऱ्यांकडे पाहिलं. "नाही बसला."

"झाल्या दोन अटी!"

"तिसरी राहिली! फिरव गोधडीवर, आणि ठिगळ सरकलं तर बघ!"

तानकीनं इस्त्री एका ठिगळावर अलगद ठेवली, दाबली, उचलली. पुढच्या ठिगळावर ठेवली, दाबली, उचलली. कुठंही घासली म्हणून नाही. असं करत ती गोधडीच्या कडेकडेनं चालत गेली आणि पूर्ण फेरी मारून महाराजांसमोर उभी राहिली.

"हे फिरवणं झालं?" महाराज ओरडले.

"फिरली की! माझ्यासंगं गोधडीला सगळी प्रदक्षिणा घालून आली. घासली असती तर तुमचे आजोबा ताणून पणजोबांवर चढले असते!"

दरबार खो खो हसला. महाराज उसळले. "पण सुरकुती? ती अजून तिथंच आहे!"

तानकीनं इस्त्रीचं टोक पणजोबांच्या पागोट्यापाशी नेलं. टक्! तिनं झटकन इस्त्री उचलली आणि खाली वाकली. तीन टाके उसवलेले होते. तिच्या बापाचा टाका आपोआप उसवत नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं फटीत दोन बोटं घातली, आतल्या वस्तूला चाचपलं, बोटं हुंगली, आणि तिला हसू फुटलं.

"महाराज, ही सुरकुती इस्त्रीनं जायची नाही. हिला स्त्री लागंल. राणीसाहेबांना बोलवा!"

महाराजांचा चेहरा खाडकन उतरला. वैद्यांनी गोड बंद केलं होतं आणि राणीसाहेबांचा पहारा कडक होता. संक्रांतीला टाके उसवून गोधडीत लपवलेली तिळाची वडी, आणि आपण ती साफ विसरलो, हे सगळं त्यांना एकदम आठवलं!

तेवढ्यात आतून राणीसाहेबांचा आवाज आला. "कोण बोलावतंय मला?"

महाराज गुडघ्यांवर येऊन कुजबुजले, "तानके, तिळगूळ घे, पण गोड बोल गं!"

"आणि सुया?"

"ने टोपली!"

"आणि बाबांवरचा ठपका?"

"पुसला!"

पडदा सरकेपर्यंत वडी तानकीच्या गालात गेली होती. राणीसाहेबांनी गोधडीवर हात फिरवला. एकदम सपाट!

"बाई गं! गेली कुठं सुरकुती?"

"पोटात घातली, राणीसाहेब!" तानकी कडाकड चावत म्हणाली.

महाराज इतके हसले, इतके हसले, की गोधडीवर गडाबडा लोळले आणि साती पिढ्या चुरगळून टाकल्या. मग डोळे पुसत त्यांनी हुकूम सोडला, की आजपासून राजवाड्याची सगळी शिवण दगडूकडे आणि सगळी इस्त्री तानकीकडे. आणि दर संक्रांतीला गोधडी तपासायचा मानही तिचाच!